गार न लागणारा खांब

"अगं, हा दगड नाही."

आईनं खांबाला तळहात टेकवला होता आणि ती तो काढायला तयार नव्हती. इंग्लंडातलं स्टो हे जुनं सरदारी घर दाखवणाऱ्या बाईंनी 'इथे हात लावून बघा' म्हणून परवानगी दिलेला तो एकच खांब. तांबूस रंगाचा, आत पांढऱ्या शिरा, घोटून घोटून आरशासारखा झालेला. असे सोळा खांब त्या लंबगोल दालनात रिंगण धरून उभे आहेत आणि दालनाचं नावच मुळी मार्बल सलून. दोन वर्षांपूर्वी मी एकटी इथे येऊन गेले होते. तेव्हा 'काय सुंदर संगमरवर आहे' असं मनाशी म्हणत मी या खांबांवरून नजर फिरवली आणि पुढे गेले. आईनं हात लावला आणि तिला कळलं.

"आपल्या जोत्याचा चिरा बघ, वैशाखातसुद्धा पहाटे पायाला गार लागतो. हा गार लागत नाही."

आई काय म्हणतेय ते मी बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. बरोबर आहे, म्हणाल्या. पायाखालची फरशी खऱ्या इटालियन संगमरवराची, पण खांब स्कालिओलाचे. म्हणजे प्लास्टरमध्ये सरस आणि रंग कालवून त्याचा गोळा मळायचा, शिरा उमटतील असा लिंपायचा, वाळला की घासून तेलानं चकाकी आणायची. दगडाला हात लावला की तो तळव्यातली ऊब ओढून घेतो. हे लिंपण तशी ओढून घेत नाही. एवढाच फरक आणि तो फक्त हाताला कळतो.

लंडनच्या वायव्येला बकिंगहॅम नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या बाहेर तीनेक मैलांवर स्टो. मी मिल्टन कीन्सला राहते, तिथून गाडीनं अर्धा तास. इंग्लंडातल्या सर्वांत मोठ्या सरदारी घरांत याची गणना होते आणि ११ मे १९२३ पासून इथे शाळा भरते. पहिल्या दिवशी ९९ मुलगे होते. आज मुली आहेत, मुलगे आहेत, वसतिगृहं आहेत, ग्रंथालय आहे, परीक्षा आहेत. आई वाई तालुक्यात चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. 'शाळा बघायला नेते तुला' एवढं म्हटलं आणि गुडघ्यांची तक्रार न करता ती गाडीत बसली.

येण्याचा रस्ता मला फार आवडतो. बकिंगहॅम सोडलं की दोन्ही बाजूंना झाडांची रांग असलेला दीड मैल सरळसोट मार्ग सुरू होतो. त्याच्या टोकाला एक प्रचंड कमान, कोरिंथियन आर्च, १७६५ च्या सुमाराची. कमानीच्या चौकटीत पलीकडच्या टेकडीवरचं घर बरोबर मधोमध दिसतं. आता आपण सरळ आत जाणार असं वाटतं, तोच रस्ता बाजूला वळतो आणि घर झाडांमागे जातं. मग कितीतरी वेळ ते दिसतच नाही. हे सगळं आखलेलं आहे. पाहुण्याला आधी दाखवायचं, मग ताटकळत ठेवायचं, मग उत्तरेच्या बाजूनं एकदम समोर उभं करायचं. तिथे दोन्हीकडून बाहेर आलेल्या अर्धगोल खांबओळी आहेत, कुणीतरी कवेत घ्यायला हात पसरावेत तशा.

उत्तरेच्या दारातून आत शिरलं की एक दालन लागतं. त्याच्या छतावर विल्यम केंटनं रंगवलेलं चित्र आहे: युद्धदेवता मार्स घराच्या मालकाला तलवार देतोय. त्यानंतर मार्बल सलून, वर घुमट, घुमटाच्या डोळ्यातून पडणारा उजेड. पुढचं दार उघडलं की दक्षिणेचा खांबांचा सोपा, आणि तिथून उतरत गेलेलं गवत, तळं आणि दूर क्षितिजावर तीच कमान, जिच्यातून मघाशी घर पाहिलं होतं. कमानीतून घर आणि घरातून कमान. आपल्याकडे वाड्याचा दिंडीदरवाजा, चौक, सोपा, माजघर असं आत आत जातं तसतसं उजेड कमी होतो आणि जिव्हाळा वाढतो. इथे उलट आहे. आत शिरून आपण पुन्हा बाहेर, आणखी मोठ्या उजेडात येतो. घराचं गाभाऱ्यासारखं काही नाही. जे आहे ते सगळं बघण्यासाठी आणि बघितलं जाण्यासाठी.

दक्षिणेची बाजू तर एका नजरेत मावतच नाही. ९०० फुटांहून जास्त लांबी. रॉबर्ट ॲडम या मोठ्या स्थापत्यकारानं १७७१ मध्ये तिचा आराखडा केला. मालकाचा नातलग थॉमस पिट, तोही स्थापत्याचा जाणकार, त्यानं तो बदलला आणि शांत केला. मला पिटचं पटतं. इतक्या लांब भिंतीला फार हालचाल सोसली नसती. मध्यभागी सहा खांबांचा सोपा, मग दोन्हीकडे थोडं दबलेलं बांधकाम, मग टोकांना पुन्हा उचललेले चौकोन. संध्याकाळी मधाच्या रंगाचा तो दगड उजळला की ही एवढी थोरली इमारत हलकी वाटते.

हे घर कुणा एकाच्या हातचं नाही. पहिला नाव कमावलेला माणूस जॉन व्हॅनब्रू, नाटककार आणि स्थापत्यकार. १७१९-२० च्या सुमाराला घराचा तेव्हाचा मालक लॉर्ड कोबम यानं त्याला इथे आणलं. या व्हॅनब्रूविषयी एक गोष्ट मला उशिरा कळली आणि कळल्यापासून तो मला परका वाटेनासा झाला. तरुणपणी, १६८३ च्या सुमाराला, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सुरतेला होता. महाराजांनी दोनदा लुटली तीच सुरत. १६६४ च्या स्वारीत तिथली इंग्रजांची वखार लढवली होती जॉर्ज ऑक्झेंडननं. तो १६६९ मध्ये वारला. त्याच्या आणि त्याच्या भावाच्या थडग्यावर उभारलेली दुमजली, घुमटाची वास्तू सुरतेच्या इंग्रजी कबरस्तानात आजही आहे. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झेंडन १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर होता, हे आपण शाळेत शिकलेलो असतो.

व्हॅनब्रूनं ते कबरस्तान पाहिलं आणि तो ते विसरला नाही. १७११ मध्ये लंडनला नवी चर्च बांधायची ठरली, तेव्हा त्यानं लेखी सुचवलं की मृतांना चर्चमध्ये पुरू नका, गावाबाहेर मोकळ्या जागेत, झाडांत स्मारकं उभारा, सुरतेत इंग्रज करतात तसं. सोबत आठवणीतून काढलेलं एक रेखाटनही जोडलं. हिरवळीवर सुट्या उभ्या असलेल्या घुमटांची आणि देवळांची कल्पना त्याच्या डोक्यात तिथून रुजली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं. सिद्ध करायला अवघड आहे ते. पण स्टोच्या बागेत त्यानं बांधलेली गोल, खांबांची, उघडी छत्री पाहताना माझ्या डोळ्यांपुढे तापी येते, इलाज नाही.

बागेत अशी छोटी देवळं, पूल, मनोरे मिळून चाळीसच्या आसपास वास्तू आहेत. कोबमचं घराण्याचं नाव टेंपल, त्यामुळे देवळं बांधायचा छंद नावालाही साजेसा होता. घराण्याचं ब्रीदवाक्यही बायबलमधलं, 'तुझी मंदिरं किती रमणीय' या अर्थाचं. केंटनं बांधलेल्या ब्रिटिश थोरांच्या स्मारकात सोळा अर्धपुतळे आहेत. न्यूटन, शेक्सपिअर, मिल्टन, एलिझाबेथ राणी. त्याच्या मागच्या बाजूला एका कुत्र्याचा स्मृतिलेख कोरलेला आहे. लेख वाचत जावं तर कुणा सज्जन इटालियन गृहस्थाचं वर्णन वाटतं, शेवटी कळतं की हा तर लाडका कुत्रा. लॅन्सलॉट ब्राऊन, ज्यानं पुढे निम्म्या इंग्लंडच्या बागा घडवल्या, तो १७४१ पासून इथे मुख्य माळी होता आणि इथल्याच छोट्या चर्चमध्ये १७४४ मध्ये त्याचं लग्न लागलं.

ते चर्च पाहून मात्र मी थबकले. झाडीत दडवलेलं, जुनं, मध्ययुगातलं. एकटं चर्च असं रानात कशाला असेल? तर भोवती गाव होतं. स्टो नावाचं गाव. बाग वाढत गेली तसं ते उठवलं गेलं. घरं गेली, शेतं गेली, चर्च आणि त्याच्या आवारातल्या कबरी राहिल्या. आईला सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. धोम धरणात गेलेली गावं तिनं पाहिली आहेत, त्या गावांची मुलं तिच्या वर्गात होती.

"धरण तरी म्हणता येतं," ती म्हणाली. "हे दिसायला नको म्हणून?"

हो. दिसायला नको म्हणून.

पैशाचंही सांगायला हवं. एवढ्या दगडाला पैसा कुठून आला? लग्नांतून आला. पिढ्यान्‌पिढ्या श्रीमंत वारसदारणी सुना म्हणून आणल्या गेल्या आणि आडनावं एकापुढे एक जोडली गेली. शेवटी ती पाच झाली: टेंपल-न्यूजंट-ब्रिजेस-शँडोस-ग्रेनव्हिल. त्या लग्नांपैकी एकातून जमैकातला उसाचा मळाही आला, गुलामांसकट. पुढे कर्ज झालं. १८४५ मध्ये व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा इथे मुक्कामाला आले. त्यांच्यासाठी तेव्हाच्या मालकानं, बकिंगहॅमच्या दुसऱ्या ड्यूकनं, घर नव्यानं सजवलं, तेव्हाच तो गळ्यापर्यंत बुडालेला होता. कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेलेलं. तीन वर्षांनी, ऑगस्ट १८४८ मध्ये लिलाव सुरू झाला तो चाळीस दिवस चालला. चित्रं, पुतळे, भांडी, फर्निचर, मद्य. शेक्सपिअरचं सर्वांत प्रसिद्ध चित्र, ज्याला शँडोस पोर्ट्रेट म्हणतात, तेही इथून गेलं. ज्यानं घेतलं त्यानं पुढे ते लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिलं आणि त्या संग्रहातलं ते पहिलं चित्र ठरलं. चाळीस दिवसांत जेमतेम ७५ हजार पौंड आले. कर्जाच्या मानानं काहीच नाही.

तिसरा ड्यूक काटकसरीचा निघाला. हा माणूसही आपल्याकडे येऊन गेलेला. १८७५ ते १८८० तो मद्रासचा गव्हर्नर होता, म्हणजे नेमका शहात्तर-अठ्ठ्याहत्तरच्या दुष्काळात. तोच दुष्काळ इकडे सोलापूर, सातारा, पुणे, नगर भाजून गेला. चेन्नईतला बकिंगहॅम कालवा त्याच्या नावाचा. कालव्याचा शहरातला तुकडा दुष्काळी कामावर आलेल्या माणसांनी खणला. (त्याच सुमाराला मुंबईचा गव्हर्नर झालेला रिचर्ड टेंपल, ज्यानं दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका रतलावर आणायला लावलं, तो हा नव्हे. नावाच्या सारखेपणामुळे माझा बरेच दिवस घोटाळा होत होता.) स्टोच्या दक्षिण पायऱ्यांवर उभी राहून मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा समोरचं तळं मला निवांतपणे बघता येईना. उन्हात कालवा खणणारी ती माणसं आणि हे पाणी एकाच माणसाच्या आयुष्यात होतं.

त्यानंतर उतरणच. ड्यूकला मुलगा नव्हता. मुलीकडे घर आलं. तिचा थोरला मुलगा, वारसदार, पहिल्या महायुद्धात १९१४ सालीच पडला. १९२१ मध्ये घर आणि जमीन विकायला निघाली. त्या काळात इंग्लंडात अशी घरं शेकड्यांनी पडत होती. वारसा कर, मेलेले मुलगे, मिळेनासे झालेले नोकर. छपराचं शिसं आणि दगड विकून उरलेलं पाडून टाकणं हा सरळ हिशेब होता. स्टोच्या दक्षिण जिन्याचे दोन सिंहही तेव्हा विकले गेले आणि ब्लॅकपूलच्या एका बागेत जाऊन बसले. आज जिन्याशी जे आहेत ते त्यांच्यावरून नव्यानं घडवलेले.

हे घर पडलं नाही, कारण काही लोकांना नवी शाळा काढायची होती. त्यांच्यासोबत क्लफ विल्यम्स-एलिस नावाचा स्थापत्यकार होता. तो लांबलचक, झाडांचा मार्ग वेगळा विकला जाऊन त्याच्या दुतर्फा बंगले उठतील अशी वेळ आली, तेव्हा त्यानं तो स्वतःच्या पैशानं घेऊन ठेवला. पुढे ईटन शाळेच्या मंडळींनी वर्गणी काढून तो त्याच्याकडून घेतला आणि नव्या शाळेला भेट दिला. एका जुन्या शाळेनं नुकत्या जन्मलेल्या शाळेला रस्ता आंदण द्यावा, यापेक्षा चांगली बारशाची भेट मला सुचत नाही.

पहिले हेडमास्तर जे. एफ. रॉक्सबरो. त्यांना मुलांची नावं, वाढदिवस पाठ असत असं सांगतात. त्यांचं म्हणणं होतं की इथून बाहेर पडणारा प्रत्येक मुलगा पुढे आयुष्यभर सौंदर्य समोर आलं की ओळखेल. शिकवून नव्हे, इथे राहून. मला हे वाक्य पहिल्या भेटीत सुविचारासारखं वाटलं होतं.

ती भेट सुट्टीतली होती. घरात चिटपाखरू नव्हतं. दालनामागून दालन, दोऱ्या लावलेल्या, सगळं झगझगीत आणि निर्जीव. मी बाहेर आले ती थकून. आईबरोबरची भेट शाळा चालू असतानाची. पाहुण्यांची वाट वेगळी असते, मुलांच्या अधेमधे कुणी येत नाही, पण आवाज येतात. भिंतीपलीकडे कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होतं, दर वेळी त्याच जागी चुकत होतं. राजेशाही जेवणाच्या दालनात आज मुलं जेवतात. आम्ही दारातून डोकावलो तेव्हा वर सोनेरी छत आणि खाली लांब टेबलं पुसणारा एक माणूस होता. उकडलेल्या बटाट्याचा, गरम ताटांचा वास होता. ड्यूकचं पुस्तकालय शाळेचं पुस्तकालय आहे. जॉन सोननं १८०५ च्या सुमाराला बांधलेली गॉथिक धाटणीची छोटी खोली, जुन्या सॅक्सन हस्तलिखितांसाठी खास घडवलेली, पुढे हेडमास्तरांची खोली झाली. हस्तलिखितं केव्हाच विकली गेली, पण छताचं ते नाजूक जाळीकाम तसंच आहे. किती मुलं त्या जाळीकडे बघत बोलणी खात उभी राहिली असतील!

"घराला राबता पाहिजे," आई म्हणाली. "नाहीतर भिंतीसुद्धा ओल धरतात."

हे वाक्य ती कुठून बोलली ते मला माहीत आहे. माझी पहिली ते चौथी एका वाड्यात गेली. तळमजल्याच्या सोप्यावर दोन दोन खांबांच्या मधल्या खणात एक एक वर्ग. पहिलीच्या पाढ्यांत दुसरीची कविता मिसळायची. खांब सागाचे, खाली दगडी तळखडा, वर कोरलेली केळफुलं. मुलांच्या पाठी आणि तेल लावलेली डोकी टेकून टेकून प्रत्येक खांबाचा खालचा दोन-अडीच फूट भाग काळा, गुळगुळीत, चमकदार झालेला. त्या चकाकीची उंची म्हणजे आमची उंची. आम्ही हायस्कुलात गेलो आणि शाळेला नवी सिमेंटची इमारत मिळाली. स्वच्छ, हवेशीर, मुलांसाठी चांगलीच. वाड्याला कुलूप लागलं. भावकीत वाद होता, कुणी दार उघडेना. चार पावसाळे गेले. पाचव्या पावसाळ्यात आषाढात एका रात्री मागची भिंत बसली, तिच्या मागोमाग माळवद. आई सकाळी बघून आली. खांब उभेच होते म्हणाली, पण डोक्यावर काही नव्हतं.

म्हणून स्टोमध्ये मला एका गोष्टीचा राग येतो आणि तरीही तो धरता येत नाही. बागेत एक मोठं ग्रीक धाटणीचं देऊळ आहे, चहूबाजूंनी खांबांचं, १७४७ साली बांधायला घेतलेलं. शाळेला १९२० च्या दशकात प्रार्थनागृह हवं होतं. नवे खांब घडवायला पैसे नव्हते. मग रॉबर्ट लॉरिमरच्या आराखड्यासाठी या देवळाचे सोळा खांब काढून नेले आणि प्रार्थनागृहात बसवले. खांबांच्या जागी विटांची भिंत घातली. दोनशे वर्षं हिरवळीच्या टोकाला उभं असलेलं देऊळ बोळकं झाल्यासारखं दिसू लागलं. स्थापत्य म्हणून हा गुन्हाच. पण ती शाळा चार-पाच वर्षांची होती, डोक्यावर न पेलणारं घर होतं आणि तिनं जवळ होतं ते वापरलं. तो सगळा डोलारा पाडून टाकण्यापेक्षा सोळा खांब हलवणं बरं, असं मी स्वतःला सांगते. पुढे १९८९ मध्ये बाग जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टकडे गेली आणि नव्वदच्या दशकात तिथे नवे सोळा खांब घडवून बसवले गेले. आता दोन्हीकडे खांब आहेत. प्रार्थनागृहातले जुने, देवळातले नवे. जवळ गेलं तर नव्या दगडाच्या कडा अजून धारदार दिसतात.

आता घराची मालकी एका स्वतंत्र विश्वस्त संस्थेकडे आहे आणि शाळा त्यात राहते. मार्बल सलूनचा घुमट, छपरं, खांबओळी असं एकेक काम करत संस्था घर सावरते आहे. सलूनच्या घुमटाखाली भोवताली रोमन मिरवणुकीची पट्टी आहे, तिच्यात २८० च्या वर माणसं. विन्चेन्झो वाल्द्रेच्या देखरेखीखाली हे दालन १७८८ मध्ये पुरं झालं. गिलाव्यातली ती माणसं स्वच्छ केल्यावर त्यांच्या वस्त्रांच्या चुण्या आणि बैलाच्या मानेची वळी खालून दिसू लागली. मी मान वर करून ती मिरवणूक पूर्ण फेरीनं बघितली. आई नाही बघू शकली, तिची मान दुखते. ती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली आणि खाली बघत राहिली.

ती काय शोधतेय ते मला तिथे कळलं नाही. परतताना आम्हाला तळघराच्या अंगानं नेलं, कारण वरून मुलं जाणार होती. खालचे बोळ साधे, चुन्यानं रंगवलेले, एकेकाळी नोकरांचे. तिथून वर जाणारा दगडी जिना होता. आई पहिल्या पायरीशी थांबली. मला वाटलं गुडघा धरला असेल, मी दंड पकडला. तिनं माझा हात सोडवला आणि पायरीकडे बोट दाखवलं.

पायरी मधोमध खोल गेली होती. कडेला सरळ, मध्ये उथळ द्रोणासारखी. वरचीही तशीच, तिच्या वरचीही. आईनं चप्पल काढली. पायात मोजा होता, तो राहू दिला. पाऊल त्या खोलगट भागात ठेवून तिनं थोडा भार दिला.

"हा गार आहे," ती म्हणाली.

वरून पुष्कळ पावलांचा आवाज आला, दार आपटलं, कुणीतरी कुणाला नावानं हाक मारली. आईनं चप्पल घातली आणि आम्ही जिन्याच्या एका कडेला, भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो, वाट मोकळी ठेवून.